आप्पाला चहा बंद आहे

११ मे. मिरच्यांचे देठ काढायचे आहेत. बेडगी, संकेश्वरी आणि रंगापुरती काश्मिरी, काल लालबागहून आणून गॅलरीत पसरल्या. करी रोडच्या आमच्या या उंच इमारतीत गच्चीवर वाळवण घालायला सोसायटीची बंदी आहे आणि गॅलरीत ऊन बारापर्यंतच टिकतं. बुधवारी मसाला कुटायच्या डंकावर माझा नंबर आहे, म्हणजे देठ आज निघालेच पाहिजेत.

निम्म्या मिरच्या झाल्या असतील, तेवढ्यात गिरगावातून काकूंचा फोन आला. हात मिरचीचे होते म्हणून कोपराने स्पीकर लावला.

"अगं, तो प्रकाशक मुलगा परत येऊन गेला. म्हणतो, आप्पाला मारायचं. तुझं काय म्हणणं?"

"मी काय म्हणणार, काकू?"

"अक्षर तुझं. तू लिहिल्याशिवाय तो मरतोय कसा? मारणार असाल तर मला एक दिवस आधी सांगा म्हणजे झालं. कुंकू काढून ठेवीन. पुस्तक छापून यायचं आणि मी आपली कपाळभर कुंकू लावून बसलेली, असं नको."

"उद्या सकाळी येते," म्हटलं आणि कोपरानेच फोन बंद केला.

काकू ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे मास्तर, जाऊनही बरीच वर्षं झाली. काकू कुंकू लावतात ते आप्पाच्या नावाचं. आप्पा म्हणजे आप्पा काळोखे. रे रोडच्या गोदामांवर राज्य करणारा, बंदरातलं सोनं गिळणारा, गुंडांचा म्हातारा सरदार. तो कधी कुठल्या तुरुंगात गेला नाही, कारण तो फक्त कागदावर होता. मास्तरांनी त्याला काढला आणि त्याच्या तोंडची वाक्यं मी लिहिली.

हे ऐकून लोक माझ्याकडे बघतात तसं तुम्हीही बघत असाल. म्हणून नीट सांगते.

गिरणी संपाचं पहिलं वर्ष होतं. बाबा मिलमध्ये माग चालवणारे साचेवाले, ते घरी बसलेले. मी नुकतीच अकरावी सोडलेली. माझं अक्षर चांगलं म्हणून चाळीतल्या मंडळाचे फलक मी लिहायचे. कोणीतरी सांगितलं, गिरगावात एक मास्तर चित्रकथा काढतात, त्यांना अक्षर लिहायला माणूस पाहिजे. मी गेले. एका वाडीतल्या चाळीचा दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली. खिडकीशी बैठं मेज, त्यावर वाकलेला एक किडकिडीत माणूस. अंगात बनियन, कानावर ब्रश. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून मास्तर. शाळा का सोडली असं मी पुढे एकदा विचारलं तर म्हणाले, "मुलांना फळं काढायला सांगायचे. मी सांगितलं, फळं चोरणारा काढा."

त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. "लिही. वाचवा."

मी माझ्या सगळ्यात वळणदार अक्षरात 'वाचवा' लिहिलं. वर शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ.

मास्तरांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "हा माणूस बुडत नाहीये गं. हा अर्ज करतोय."

मला राग आला. मी टाक शाईत बुडवून रागातच दुसरं 'वाचवा' ओढलं. काना खाली घसरला, शाईचा थेंब उडाला.

"आता बुडाला," ते म्हणाले. "उद्यापासून ये, अक्षरबाई."

माझं नाव त्यांनी कधी विचारलं असेल तर मला आठवत नाही.

त्यांची कामाची पद्धत जगाच्या उलटी होती. बाकीचे चित्र आधी काढतात आणि उरलेल्या जागेत बोलण्याचे फुगे कोंबतात. मास्तर आधी शब्द घ्यायचे. वाक्य ते तोंडाने सांगायचे, मी कागदाच्या पट्टीवर लिहायचे, पट्टी कापून डिंकाने पानावर चिकटवायचे आणि मग त्या फुग्याच्या भोवतीने ते माणसं काढायचे. "माणूस आधी बोलतो, मग त्याला चेहरा येतो," असं त्यांचं म्हणणं. पानात आप्पाची बायको असली तर तिच्या कपाळावरचं कुंकू ते सगळ्यात शेवटी द्यायचे. शब्द चिकटले, शाई वाळली, सगळं झालं की बारीक ब्रशने एक काळा ठिपका. तो पडला की पान पुरं. मग ते ब्रश कानावर ठेवायचे आणि उठायचे.

त्या बायकोला चेहरा काकूंचा होता. नुसता बायकोलाच नाही. आप्पाच्या हस्तकांना पिस्तूल धरायला काकूच लागायच्या. पोळ्या लाटता लाटता मध्येच हाक यायची, "जरा गोळी झाड गं." काकू लाटणं रोखून उभ्या राहायच्या, तव्यावरच्या पोळीकडे एक डोळा ठेवून. त्या काळातले आप्पाचे सगळे मारेकरी जरा बाजूला बघत गोळ्या झाडताना दिसतात, त्याचं कारण ही पोळी.

काकू आप्पाला सवत म्हणायच्या. "मिशावाली सवत आहे माझी. सकाळी उठल्यापासून तिचंच."

आता आप्पाचं. त्या काळात चित्रकथांमधले दुष्ट लोक सोनं मागायचे, राज्य मागायचे, पोरगी पळवायचे. आप्पाकडे सगळं होतं आणि वय सत्तर. त्याला पाहिजे होतं फक्त आणखी जगायला. दर अंकात एक नवा उपाय. कधी हिमालयातली मुळी, कधी पाऱ्याचं भस्म, कधी एका जर्मन डॉक्टरचं गोदामात बसवलेलं यंत्र. इन्स्पेक्टर दिग्विजय दर वेळी शेवटच्या पानावर येऊन मुळी जाळायचा, यंत्र फोडायचा आणि आप्पा खोकत खोकत भुयारातून निसटायचा.

दिग्विजय पहिल्या अंकात पंचविशीचा होता, शेवटच्या अंकातही पंचविशीचाच राहिला. आप्पा मात्र अंकागणिक म्हातारा होत गेला. त्याचे गुडघे सुजले, दात गेले, कानाला यंत्र आलं. मी विचारलं, असं का? मास्तर म्हणाले, "दिग्विजयला फक्त जिंकायचंय. ते कुठल्याही वयात येतं. ज्याला जगायचंय त्याचंच वय वाढतं."

आणि मास्तरांचा एक नियम होता, त्यानेच त्यांचं नाव त्या वाडीत वेडा म्हणून पडलं. जो उपाय स्वतः केला नाही तो आप्पाला द्यायचा नाही. पाऱ्याचं भस्म काकूंनी हातातून हिसकावून मोरीत ओतलं, ते एक सोडलं तर बाकी सगळं त्यांनी केलं. दुधात उकळलेला लसूण महिनाभर खाल्ला. लोकलच्या डब्यातसुद्धा कोणी जवळ बसलं नसतं, असा वास यायचा. शीर्षासनात उभे राहून मला वाक्यं सांगितली. ती वाक्यं वेगळीच आली, त्यात आप्पा लहान लहान शब्द बोलतो.

बर्फाचा अंक तर माझ्या डोळ्यांसमोर घडला. आप्पा बर्फाच्या कारखान्यात शंभर वर्षं झोपायचं ठरवतो, अशी गोष्ट. मास्तर सकाळीच बाजारात जाऊन मासळीवाल्या कोळणीकडून बर्फाची लादी घेऊन आले. हातगाडीवर, पोत्यात गुंडाळून. खोलीच्या मध्यभागी ठेवली आणि लुंगी आवरून तिच्यावर बसले. सगळ्या खोलीत बोंबलाचा वास. चाळीतली माणसं दारात. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या.

"उठा. न्यूमोनिया होईल."

"आप्पाला काय वाटतं ते कळू दे."

"त्या मेल्याला काय वाटायचं? तो कागदाचा आहे. तुम्ही हाडामासाचे."

मास्तर दात वाजवत बसून राहिले. शेवटी उठले तेव्हा लुंगी लादीला चिकटलेली. मला म्हणाले, "अक्षरबाई, लिही. 'बर्फात मरणाची भीती वाटत नाही, फक्त लघवीला होतं.'"

"हे लिहू?"

"हे नाही लिहिलं तर बाकीचं खोटं आहे."

ते वाक्य छापून आलं. आमच्या चाळीत तो अंक वाचला गेला तेव्हा पुरुष माणसं इतकी हसली की खालच्या मजल्यावरून कोणीतरी, काय संप मिटला काय रे, असं ओरडलं.

त्याआधी चहाचं झालं होतं. एका अंकात आप्पाला एक वैद्य भेटतो आणि सांगतो, आयुष्य वाढवायचं तर आधी चहा सोड. आप्पा हातातला कप खाली ठेवतो. मास्तर रोज डझनभर कप पिणारा माणूस. त्या दिवशी त्यांनीही कप खाली ठेवला. पुढच्या अंकात वैद्य खोटा ठरला, दिग्विजयने त्याला बेड्या घातल्या. मी म्हटलं, आता तरी घ्या. मास्तर म्हणाले, "आप्पाने सोडलाय ना? वैद्य लबाड निघाला म्हणून पथ्य लबाड होत नाही." काकू पाठ करून, भिंतीकडे तोंड करून आपला चहा प्यायच्या. "वैद्य कागदावरचा आणि पथ्य माझ्या घरात," म्हणायच्या.

सकाळी ते वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचायचे. आप्पाच्या वयाचं कोणी गेलेलं असलं तर त्या दिवशी काम बंद. "आज तो उठणार नाही," म्हणायचे. माझी सुट्टी.

आमच्या चाळीत आप्पाचा अंक रस्त्यावरच्या लायब्ररीतून भाड्याने यायचा आणि गॅलरीत मोठ्याने वाचला जायचा. वाचायचे माझे बाबा. संपाआधी त्यांनी कधी हातात पुस्तक धरलेलं मी पाहिलं नव्हतं. एकदा मास्तर म्हणाले, मला ऐकायचंय. मी त्यांना घेऊन आले, नातेवाईक आहेत असं सांगितलं. ते जिन्याशी, चपलांच्या ढिगाजवळ बसले.

बाबांनी वाचलं. आप्पा गुडघ्याला तेल चोळत आपल्या माणसांना सांगतो, अजून एक वर्ष, फक्त एक वर्ष मिळू दे.

एक जण म्हणाला, "याला कशाला पाहिजे रे एवढं जगायला? सत्तरी झाली. सोड ना आता."

बाबांनी अंकातून मान वर केली. "तुला बदलीवरची नोकरी सोडवत नाय अजून. फाटकापर्यंत जाऊन येतोस रोज, कोण बोलावतंय का बघायला. आणि ह्याने जीव सोडायचा?"

"म्हणजे आपण आप्पाच्या बाजूने काय?"

"दिग्विजयला काय करायचंय आपण? त्याला पगार चालू हाय."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. परत जाताना बसच्या थांब्यावर मला म्हणाले, "अक्षरबाई, त्याला आता मी मारू शकत नाही. तो माझ्या एकट्याचा राहिला नाही."

पण मारायची वेळ आलीच. चित्रकथेचे मालक एक दिवस स्वतः जिना चढून वर आले. घाम पुसत म्हणाले, "मास्तर, घराघरात टीव्ही आलाय. आणि तुमचा म्हातारा पानभर खोकतोय. पब्लिकला जवान गडी पाहिजे. पुढच्या अंकात याला खलास करा."

"तो मरणार नाही," मास्तर म्हणाले. "मी जिवंत असेपर्यंत तरी नाही."

"मग दुसऱ्याकडून काढून घेतो. चित्रकार काय, रांगेत उभे आहेत."

मालक गेले. मास्तर दोन दिवस मेजाशी बसले नाहीत. खिडकीत उभे राहायचे, पुन्हा येऊन आडवे व्हायचे. काकूंनी विचारलं, जेवायला वाढू? तर म्हणाले, आप्पाला भूक नाही. तिसऱ्या दिवशी बसले. "परक्याच्या हातून नको. तो याचे गुडघे नीट काढणार नाही."

तो अंक त्यांनी जीव ओतून काढला. रे रोडच्या धक्क्यावर दिग्विजयची गोळी, आप्पाचं पाण्यात पडणं, मग चिता, तिच्यासमोर टोपी काढून उभा असलेला दिग्विजय. शेवटच्या चित्रात आप्पाची बायको उंबऱ्यात बसलेली, पुढ्यात तांदळाचं सूप. माझी पट्टी होती, 'आणि अशा रीतीने एका काळ्या साम्राज्याचा अंत झाला.' मी ती चिकटवली. मास्तरांनी शाई वाळू दिली, कानावरचा बारीक ब्रश घेतला आणि सवयीने तिच्या कपाळावर ठिपका दिला.

मी पाहिलं. म्हटलं, "मास्तर, ती आता विधवा आहे."

ते दचकले. पानाकडे बघत राहिले. मग पांढऱ्या रंगाची बाटली उघडली, ब्रश धुतला, पांढऱ्यात बुडवला.

"काय करताय?" मागून काकूंचा आवाज आला.

"कुंकू राहिलंय. झाकतो."

काकू खरोखरच तेव्हा तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून उठल्या. "तो चेहरा माझा आहे. माझ्या कपाळावरचं तुम्ही स्वतःच्या हाताने पुसणार?"

"अगं, चित्र आहे."

"बर्फावर बसताना चित्र नव्हतं का?"

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला. ब्रशवरचा पांढरा रंग वाळून गेला. पान तसंच छापखान्यात गेलं. मालकांनी पाहिलं असेल तरी त्यांना तो ठिपका दिसला नाही. पुरुषांना तो दिसत नाही.

बायकांना दिसला. आमच्या चाळीत बाबांनी शेवटचं वाक्य वाचलं. कोणीतरी बिडी विझवली. अंक हातोहात फिरत शेजारच्या मालवणी आजीकडे गेला. तिला वाचता येत नसे, ती चित्रं बघायची. तिने पान डोळ्यांजवळ नेलं.

"अगो, हेच्या बायलेच्या कपाळाक कुकू आसा."

"असेल. चुकून," कोणीतरी म्हणालं.

"चुकान? घोव मेल्यार बाईल कुकू लावता काय? त्या बायलेक म्हायती आसा. तो जितो आसा."

मग जो गोंधळ झाला तो एका चाळीपुरता राहिला नाही. परळ, लालबाग, करी रोड, सगळीकडे बायकांनी तेच पाहिलं होतं. नवरे बायकांना विचारू लागले, खरंच का गं? लायब्ररीवाले छापखान्यात येऊन विचारू लागले, आप्पा परत कधी येतोय? मालक आधी संतापले. मग आठवडाभर छापखान्याच्या दारात माणसं बघून पुन्हा जिना चढून वर आले. या वेळी पेढे घेऊन.

"मास्तर, काय डोकं आहे तुमचं! सांगायचं नाही का आधी?"

मास्तर काकूंकडे बघत म्हणाले, "डोकं नाही. कपाळ."

पुढच्या अंकात कळलं की चितेवर जळला तो आप्पाचा तोतया होता. आप्पा गोदामाच्या तळघरात बसून गुडघे शेकत होता. बाबांनी तो अंक भाड्याने आणला नाही, विकत आणला. घरात खायची मारामार, आणि आईने एक शब्द काढला नाही.

मास्तरांबद्दल मला जे वाटतं ते या एका गोष्टीमुळे नाही. पण हा माणूस थट्टेतली गोष्टसुद्धा पुरी निभावायचा आणि समोरच्याने निभावली तर मान तुकवायचा. बायकोचं म्हणणं खरं आहे हे कळल्यावर ब्रश खाली ठेवणारे पुरुष मी फार पाहिलेले नाहीत. त्यात मोठमोठ्या कंपन्यांचे साहेबही आले.

संप मागे घेतल्याचं कोणी कधी जाहीर केलं नाही. तो विरत गेला. बाबांना मिलने परत घेतलं नाही. ते माटुंग्याला एका इमारतीत वॉचमन झाले. कोणी विचारलं, काय करता, की म्हणायचे, "संपावर आहे." शेवटपर्यंत तेच म्हणायचे. चित्रकथाही तशीच गेली. मालकांनी अंक दोन महिन्यांतून एकदा केला, मग दिवाळीला एकदा, मग नाहीच. कोणी बंद केली नाही आणि आप्पाला पुन्हा मारायलाही कोणी आलं नाही. तो तळघरात राहिला. मी लग्नपत्रिकांची कामं घ्यायला लागले, मग कॉम्प्युटर शिकले. आता माझं स्वतःचं छपाईचं दुकान आहे आणि हाताने लिहून घ्यायला वर्षातून एखादा येतो.

मास्तर मात्र काढत होते. कोणी छापत नसतानाही. मी रविवारी जाऊन पट्ट्या लिहून द्यायचे. मग माझी मुलं लहान, दुकान नवं. रविवार चुकायला लागले.

ते गेले ते साध्या तापाने, घरातच. काकूंनी मला दहाव्याच्या दिवशी सांगितलं. गेले त्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "चहा टाक गं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काकू काहीतरी आवरत होत्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आप्पाला बंद आहे ना?" मास्तर हसले. "हो की," म्हणाले, आणि कूस बदलली. दुपारी गेले.

दहाव्याला नणंद काकूंना म्हणाली, "वहिनी, कुंकू?" काकू म्हणाल्या, "घरातला गेला. कागदावरचा आहे. त्याच्या नावाचं आहे हे. तो मेल्याचं छापून आलं की काढीन." नणंद रागावून गेली ती वर्षभर आली नाही. मला विचाराल तर कुंकू लावायला नवरा लागतो हेच मला कधी पटलेलं नाही. पण काकूंना पटतं, आणि कपाळ त्यांचं आहे.

तर आता हा तरुण प्रकाशक. मुलगा चांगला आहे. आप्पाचे सगळे अंक त्याने रद्दीवाल्यांकडून जमवलेत, एक जाड पुस्तक काढायचंय. काकूंनी त्याला मास्तरांच्या न छापलेल्या पानांचे फोटोही काढू दिले. त्यातलं अगदी शेवटचं पान त्याने मला फोनवर पाठवलं होतं. आज काकूंच्या फोननंतर त्याचाही फोन आला. पुन्हा कोपर.

"मॅडम, पुस्तकाला शेवट पाहिजे. आणि तो मास्तरांनीच काढून ठेवलाय. ते पान नीट बघा. आप्पा खाटेवर पडलाय. बायको दारात. आणि तिच्या कपाळावर कुंकू नाही. एवढी गाजलेली गोष्ट तुमची, कुंकवाची. मास्तरांनी या वेळी मुद्दाम काढलेलं नाही. याचा अर्थ सरळ आहे. तुम्ही फक्त फुग्यात त्याचे शेवटचे शब्द लिहून द्या."

मी हात धुतले आणि ते पान मोठं करून बघितलं. सगळं शाईत. खाटेच्या सुंभाचे पीळसुद्धा. आप्पाचे गुडघे, मास्तरांचेच. आप्पाच्या तोंडाशी एक फुगा, रिकामा. बायकोचं कपाळ, रिकामं.

मुलगा हुशार आहे, पण त्याने मास्तरांना काम करताना पाहिलेलं नाही. शब्दांच्या आधी मास्तरांनी कधी माणूस काढला नव्हता. हे एकच पान त्यांनी आधी काढलं, कारण माझे रविवार चुकत होते आणि त्यांना थांबायला वेळ नव्हता. ठिपका सगळ्यात शेवटी पडतो, शब्द चिकटल्यावर. बायको विधवा झालेली नाही. पान पुरं व्हायचंय, एवढंच.

"उद्या देते," मी त्याला म्हटलं, आणि उरलेले देठ काढले.

१२ मे. सकाळी मिरच्या उन्हात सरकवल्या आणि गिरगावला गेले. गेल्या वर्षीच्या मसाल्याची उरलेली बरणी काकूंसाठी घेतली. टाक, काळी शाई आणि डिंकाची बाटली पिशवीत. काकू न्हाऊन, कुंकू लावून मेजापाशी बसल्या होत्या. पान पुढ्यात. करंडाही शेजारी आणून ठेवलेला, झाकण उघडं. काढून ठेवायची तयारी.

फुगा मोजला. चार-पाच अक्षरं जेमतेम बसतील असा. म्हाताऱ्या माणसाचं मरणाआधीचं भाषण त्यात मावलंच नसतं. पट्टी कापली, टाक बुडवला आणि लिहिलं. अर्ज वाटणार नाही असं, जरा घसरतं. डिंक लावला, चिकटवलं.

काकूंनी चष्मा लावून वाचलं. चहा टाक गं.

मी मास्तरांचा बारीक ब्रश शोधायला लागले, तर काकूंनी करंड्यातली कुंकवाची काडी उचलली, माझ्या शाईत बुडवली आणि बायकोच्या कपाळावर टेकवली. ठिपका मोठा झाला, थोडा डावीकडे.

"वाकडं पडलं. पांढरं लावून नीट करतेस?"

"नको," मी म्हटलं.

करंड्याचं झाकण लावून त्या उठल्या आणि चहा टाकायला गेल्या. मी पट्टीचे उरलेले तुकडे गोळा केले. आतून आवाज आला, "अगं, साखर किती घेतो तो?"

"दोन," मी सांगितलं.